वहीच्या पहिल्या पानावर



गेल्या दशलक्षण पर्वातील गोष्ट. कुंडलच्या मंदिरात सायंकाळचा स्वाध्याय आटोपला, मंडळी पायऱ्या उतरून घरोघर निघाली, आणि एक भगिनी मात्र खांबापाशी थांबून राहिल्या. ओळखीचे घराणे, बाजारात चांगले नाव. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही वडीलधारे आहात म्हणून सांगते. मुलाचा फोन सहज हाती आला होता. त्यात त्याने काय शोधले ते पाहिले, आणि माझे हातपायच गळाले."

त्यांना पुढे बोलवेना. बोलण्याची आवश्यकताही नव्हती. मुलगा बारावीचा, सतरा वर्षांचा. जगणे संपवण्याविषयीचा प्रश्न त्याने फोनला विचारला होता. आईने घाबरून फोन काढून घेतला होता, वडिलांना कळवले नव्हते, आणि दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नव्हते. "काय करू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

जे सुचले ते मी सांगितले. ते पुढे येईलच. परंतु जे सांगायला हवे होते, ते त्या क्षणी माझ्या तोंडून निघाले नाही. तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या फोनला विचारला होता. त्या माउलीसमोर मी ते दडवले, आणि घरी आल्यावर त्या दडवण्याची लाज वाटली. म्हणून हा लेख.

आमचे कुंडल पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी स्थानकापासून जवळ. गावात कलिकुंड पार्श्वनाथांचे मंदिर आणि डोंगरावर झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ, यांमुळे दूरदूरचे साधर्मी बांधव येथे दर्शनाला येतात. इतरांना हे गाव क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारमुळे ठाऊक असते. त्या काळी या परिसरातल्या घरांनी भूमिगतांना आसरा देऊन त्यांचे प्राण राखले, हे ऐकतच आमची पिढी वाढली. अशा गावात एका माणसाला आपल्या प्राणांविषयी कोणाशी बोलावेसे वाटू नये, याचे आता मला आश्चर्य वाटते. त्या वेळी वाटले नव्हते.

आमचा व्यवसाय बेदाण्याच्या अडतीचा. वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक आहे; ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शेतकरी माल आमच्या विश्वासावर आणतो, सौद्यात व्यापारी तो घेतो, आणि पैसा काही दिवसांनी येतो. मधल्या काळात शेतकऱ्याच्या दृष्टीने पैसा देणारा अडत्याच असतो. व्यापारी बुडाला तरी शेतकरी आमच्याच दारात उभा राहणार, आणि त्याचे काही चुकत नाही. दिवाळीपूर्वी आमच्याकडे काही काळ सौदे बंद ठेवून सगळी येणी-देणी शून्यावर आणण्याची रीत आहे. वर्षभराची उधारी त्या दिवसांत उघडी पडते. ज्याचा हिशेब जुळतो तो मान वर करून वहीपूजन करतो. ज्याचा जुळत नाही, त्याचे नाव सायंकाळपर्यंत बाजारभर होते.

२०२३ साली दिवाळीपूर्वी माझा हिशेब जुळला नाही. परराज्यातील एका व्यापाऱ्याने मोठा माल उचलला होता. आधी त्याचे फोन उशिरा लागू लागले, पुढे लागेनासे झाले. बासष्ट लाख रुपये अडकले. त्यातले बहुतेक शेतकऱ्यांचे. कोणाच्या मुलीचे लग्न ठरलेले, कोणाचे सोसायटीचे कर्ज थकलेले. रोज सकाळी दुकानाच्या कट्ट्यावर चार-पाच जण येऊन बसत. ते शिव्या देत नव्हते. मुकाट बसत, आणि तेच सोसवत नव्हते. वडिलांनी चाळीस वर्षांत जे नाव कमावले, ते माझ्या हातून चार आठवड्यांत जात होते.

घरी मी काही सांगितले नाही. पत्नीला वाटे, हंगामाची दगदग आहे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मी 'भूक नाही' म्हणून टाळत होतो. पहाटे तीनला जाग येई, ती पुन्हा झोप न लागण्यासाठीच. मंदिरात उभा राही, पण दर्शन डोळ्यांपर्यंतच पोहोचे. हे सगळे आजाराचे लक्षण असू शकते, हे मला कळले नाही. ताप असता तर कळले असते.

अशाच एका रात्री दुकानातल्या गादीवर बसून मी फोन हाती घेतला आणि तो प्रश्न टाइप केला. नेमका काय ते येथे लिहीत नाही. त्याने कोणाचेही भले होणार नाही. पडद्यावर सर्वांत वर मदतीचा एक दूरध्वनी क्रमांक आला आणि सोबत 'तुम्ही एकटे नाही' अशा आशयाची ओळ. मी ती ओलांडून खाली गेलो. त्या मनःस्थितीत माणसाला मदत नको असते असे नाही. मदत आपल्यासाठी आहे, यावर त्याचा विश्वास उरलेला नसतो.

खाली जे होते त्याविषयी एवढेच सांगतो. पुष्कळसे धादांत खोटे, काही अर्धवट, आणि सगळेच थंड होते. मी व्यापारी माणूस. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना त्याचा चेहरा वाचणे हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. रोजचा माणूस एखाद्या दिवशी भलतीच वस्तू मागू लागला, तर साधा किराणा दुकानदारही हात थांबवून विचारतो, "का हो, बरे आहे ना?" त्या पडद्याला चेहरा दिसत नव्हता. रात्रीचे दोन वाजलेत, विचारणारा सत्तावन्न वर्षांचा आहे, त्याला दोन नातवंडे आहेत, त्याने दोन दिवस धड अन्न घेतलेले नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. मागितले ते तो देत गेला. आणि दर वेळी मागणाऱ्याला वाटत गेले की जगात आता हाच एक विषय उरला आहे. एका दारातून आत शिरलेला माणूस अंधाऱ्या खोल्यांमागून खोल्या ओलांडीत जावा, तसे झाले.

आणखी एक कबुली द्यायची आहे. त्या रात्री माझ्या मनाने शास्त्राचाही आधार शोधला. आपल्या धर्मात सल्लेखना आहे, मग देह सोडण्यात एवढे पाप कसले, असा युक्तिवाद मनानेच मनाशी केला. निराश मन मोठे हुशार वकील असते. त्याला जे हवे असते, त्याच्या बाजूने ते आगमही उभे करते.

पहाटेपर्यंत मी एक कागद तयार केला. कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, कोणता प्लॉट कोणाच्या नावे, कपाटाच्या किल्ल्या कोठे. अक्षर सुवाच्य होते. सकाळी तो कागद आमच्या दिवाणजींच्या हाती दिला आणि म्हणालो, "हे तुमच्याजवळ असू द्या."

दिवाणजी आमच्या दुकानात तीस वर्षांपासून आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि दुकानाचे दार अर्धे ओढून घेतले. मग माझ्यासमोर येऊन बसले. एरवी ते माझ्यासमोर बसत नाहीत.

"आण्णा, एक विचारतो, रागावू नका. जिवाचं काही वाईट करायचं मनात हाय का?"

मी हसून टाळण्याचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. म्हणाले, "तीस वर्सं तुमचा हिशेब बघतोय. तुमच्या हिशेबात खाली पुढच्या सौद्याची तारीख असती. ह्या कागदात पुढचं कायबी न्हाई."

मला रडू कोसळले. आजवर अनेकदा विचार केला की त्या क्षणी नेमके काय झाले. मला वाटते, इतके दिवस जी गोष्ट फक्त मला आणि त्या फोनला ठाऊक होती, ती आता एका माणसाला ठाऊक झाली. दुःख तेवढेच होते, पण ते उचलायला दोघे झाले होते.

दिवाणजींनी उपदेश केला नाही. 'तुमच्यासारख्याने असा विचार करावा?' असे म्हणाले नाहीत, देवाची शपथ घातली नाही. त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला, आणि तो येईपर्यंत ते जागचे उठले नाहीत. मला एकटे सोडले नाही. भावाने माझ्या पत्नीला सांगितले. मला भीती होती की ती कोसळेल. ती एवढेच म्हणाली, "पैशाचं मला सांगितलं नाहीत ते राहू द्या. हे सांगायचं होतंत."

त्याच दिवशी भाऊ मला मिरजेला मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेला. तेथील बाकावर बसताना ओळखीचा कोणी भेटू नये, असे मनात येत होते. डॉक्टरांनी झोप, भूक, वजन, विचार, सगळे शांतपणे विचारले. तोही प्रश्न सरळ विचारला. मग म्हणाले, "कर्ज ही तुमची अडचण आहे आणि नैराश्य हा तुमचा आजार आहे. दोन्ही वेगळे आहेत. आजारावर मी औषध देतो. अडचणीवर उपाय शोधायला बरे झालेले डोके लागेल." इतके स्वच्छ विभाजन मला कोणी करून दिले नव्हते. औषधांचा परिणाम जाणवायला तीन-चार आठवडे लागले. तोपर्यंत भाऊ आमच्याच घरी झोपायला येत असे.

त्या आठवड्यांतच एका रात्री पुन्हा जीव गुदमरला. या खेपेला मी १४४१६ हा क्रमांक लावला. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेली-मानस' नावाने सुरू केलेली ही सेवा आहे. ती निःशुल्क आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने प्रथम विचारले, "काका, आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना? घरात सोबत कोणी आहे का?" मग तिने ऐकून घेतले. वीस-पंचवीस मिनिटे मी बोललो असेन. तिने कर्ज फेडले नाही, पण ती रात्र पार करून दिली. त्या अवस्थेत एक रात्र पार होणे ही लहान गोष्ट नसते.

देण्याचे पुढे काय झाले, हे व्यापारी वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. बरे वाटू लागल्यावर भाऊ, दिवाणजी आणि मी, तिघांनी शेतकऱ्यांना एकत्र बोलावले आणि वही उघडी करून समोर ठेवली. एक प्लॉट आणि गाडी विकली, उरलेल्याचे हप्ते बांधले. सगळेच समजूतदार होते असे नाही. दोघांनी चारचौघांत बोल लावले, काहींनी आपला माल दुसऱ्या अडतीला नेला, तो आजही तिकडेच जातो. बाकीचे थांबले. बावीस महिन्यांत शेवटची पट्टी चुकती झाली. दुकान पूर्वीपेक्षा लहान आहे. सकाळी उघडतो तेव्हा बरे वाटते.

हे सगळे माझे एकट्याचे नाही, म्हणून सांगतो आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती, २२,७४६. शेतकऱ्यांच्या दुःखाविषयी आपण वाचतो, बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच विभागाच्या नोंदीत व्यापारी-व्यावसायिकांचा आकडा २०१९ साली ९,०५२ होता, तो टाळेबंदीच्या २०२० साली ११,७१६ झाला. आपल्या घराघरांतली ही माणसे आहेत. आपल्याकडे पत हाच प्राण मानण्याची शिकवण आहे. या शिकवणीने व्यवहार चोख राहिले, हे खरे. पण पत गेली की प्राणही गेलाच, असा उलटा अर्थ कोणी तरुण त्यातून काढत असेल, तर शिकवण सांगण्यात आपले काही चुकते आहे. पत गेली तर पुन्हा मिळवता येते. ती मिळवायला माणूस लागतो.

त्या अवस्थेतल्या मनाला वाटते की हा निर्णय पक्का आहे, आज थांबलो तरी उद्या हेच. हे खोटे असते. अमेरिकेत रिचर्ड सायडन या अभ्यासकाने १९७८ साली अशा ५१५ व्यक्तींचा मागोवा प्रसिद्ध केला, ज्यांना जीव देण्याच्या प्रयत्नात असताना इतरांनी अडवले होते. त्यांच्यापैकी सुमारे ९४ टक्के लोक पुढे हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. 'आज अडवले तरी उद्या करेलच' हा समज किती चुकीचा आहे, हे यावरून दिसते. लाट येते, शिखरावर जाते आणि ओसरते. त्या थोड्या वेळात माणूस एकटा नसावा, हाताशी घातक वस्तू नसावी, आणि कोणीतरी बोलणारे असावे.

दुसरा गैरसमज असा की, विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल. मानसोपचार क्षेत्रातील अनुभव आणि अभ्यास याच्या उलट सांगतात. सरळ, प्रेमाने विचारल्याने विचार रुजत नाही. कोंडलेल्याला वाट मिळते. मी स्वतः त्याचा साक्षीदार आहे.

आता शास्त्राविषयी. बरा झाल्यावर मी आमच्या स्वाध्यायातील एका वृद्ध पंडितजींना एकांतात गाठले आणि त्या रात्रीचा माझा युक्तिवाद जसाच्या तसा सांगितला. ते रागावले नाहीत. त्यांनी आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारातील सल्लेखनेचे प्रकरण काढले आणि एका शब्दावर बोट ठेवले: निःप्रतिकार. ज्यावर कोणताही उपाय उरलेला नाही, असा उपसर्ग, दुष्काळ, जरा किंवा व्याधी असेल, तेथेच त्या व्रताचा विचार. "तुझ्या आजारावर उपाय होता की नाही?" त्यांनी विचारले. "होता, आणि तू त्याने बरा झालास." मग त्यांनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाकडे वळून सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले. जगण्याची लालसा हा जसा अतिचार, तसा 'मरणाशंसा', म्हणजे मरणाची इच्छा, हाही अतिचारच. मरण यावे असे वाटणे हाच जेथे दोष, तेथे मरणाची ओढ लागलेल्या मनाला त्या व्रताचा आधार कसा मिळावा?

ते पुढे म्हणाले, "आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर समाधी घेतली, ती साऱ्या संघासमोर. तिथे लपवण्यासारखं काही नव्हतं. तू मात्र रात्री दोन वाजता दार लावून, बायकोपासून चोरून फोनमध्ये काय शोधत होतास? जे गुरूला विचारता येत नाही, ते व्रत नव्हे. ते दुखणं." मला वाटते, प्रत्येक मंदिरात हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. आपल्या तरुणांपैकी कोणाच्या मनात हा गोंधळ असेल, तर तो दूर करणे आपले काम आहे.

कायद्याविषयीची भीतीही पुष्कळांना गप्प ठेवते. 'बाहेर कळले तर पोलिस येतील' असे आजही घरांत बोलले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते. तिच्यावर खटला चालवायचा नसतो, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. म्हणजे कायद्यानेही अशा माणसाला गुन्हेगारांच्या रांगेतून काढून रुग्णांच्या रांगेत उभे केले आहे. आपल्या घराण्यांनी त्याला अजून तिथे उभे केलेले नाही.

एक शब्द आपल्या बोलण्याविषयी. कोठे दुर्घटना झाली की कट्ट्यावर, लग्नात, व्हॉट्सअॅपच्या गटांत पहिला प्रश्न असतो, 'कसे केले?' हे 'कसे' पसरवू नये, यावर जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत आहे. भारतीय पत्रकार परिषदेने २०१९ साली वृत्तपत्रांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो धुमाकूळ घातला, त्याविषयीच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल देताना वाहिन्यांनाही तसाच संयम पाळण्यास सांगितले. पत्रकारांना जो नियम, तो आपल्या गटांनाही का नसावा? वचनगुप्ती आपण उगाच शिकत नाही.

याउलट, संकटातून बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली जावी. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० साली असे दाखवून दिले की, ज्या बातम्यांत एखादी व्यक्ती अशा विचारांतून मार्ग काढते, त्यांच्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण कमी झालेले आढळते. मोझार्टच्या एका संगीत नाटकात पापागेनो नावाचा भोळा पारधी निराश होऊन जीव द्यायला निघतो आणि तीन मुले त्याला दुसरी वाट दाखवतात. त्याच्या नावावरून या परिणामाला नाव मिळाले आहे. माझ्या गोष्टीत तीन मुले नव्हती, एक दिवाणजी होते. हा लेख लिहिताना संकोच वाटत होता, तो या माहितीने पुष्कळ कमी झाला.

आता त्या माउलीला मी जे सांगितले ते. पहिले, फोन काढून घेतला म्हणजे काम झाले असे समजू नका. प्रश्न त्याच्या मनात आहे, फोनमध्ये फक्त त्याची खूण सापडली. 'माझा फोन का पाहिलास' यावर भांडण होऊ देऊ नका. आधी म्हणा, 'मी पाहिले, मला भीती वाटली, मी रागावलेली नाही.' दुसरे, त्याला सरळ विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसून ऐका. परीक्षा, नवस, घराण्याची अब्रू, यांतले काहीही त्या वेळी काढू नका. तिसरे, आज रात्री तो एकटा झोपणार नाही असे पाहा, आणि घरात धोक्याच्या ज्या वस्तू असतील त्या कुलपात जाऊ द्या. चौथे, वडिलांना आजच सांगा. गुपित ठेवण्याचे वय तुमचे नाही आणि त्याचेही नाही. पाचवे, उद्याच डॉक्टरांकडे न्या. तोपर्यंत १४४१६ आहे, आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ आहे.

त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "लोक काय म्हणतील, आण्णा?" तेव्हा मी 'लोकांचे सोडा' असे काहीतरी मोघम बोललो. आज असतो तर म्हणालो असतो, 'लोक माझ्याविषयीही बोलले, ताई. चार महिने बोलले, मग सौद्यांचा हंगाम आला.'

तो मुलगा सध्या उपचार घेतो आहे. परवा तो वडिलांबरोबर दुकानात आला होता. फारसे बोलला नाही. त्याचे सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. वेळ लागतो, आणि मधूनच जुने दिवस परतून येतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. जाताना मात्र त्याने विचारले, "आण्णा, तुम्हालाही खरंच असं वाटलं होतं?" आईने नाही, मीच त्याच्या वडिलांकरवी त्याला कळवले होते. मी म्हणालो, "हो." तो थोडा वेळ उभा राहिला, म्हणाला, "मला वाटलं, मला एकट्यालाच." एवढेच.

कमठाच्या उपसर्गात धरणेंद्राने पार्श्वप्रभूंवर फणा धरला, हे आपण रोज मूर्तीवर पाहतो. त्याने पाऊस थांबवला नव्हता. पाऊस ओसरेपर्यंत छत्र धरले होते. आपल्यापैकी कोणालाही कोणासाठी एवढे करता येण्याजोगे आहे.

शेवटी व्यापारी बांधवांना एक विनंती. दिवाळीला नवी वही आणतो, पहिल्या पानावर स्वस्तिक आणि 'श्री' काढतो. गेल्या दोन दिवाळ्यांत मी त्याच पानावर खालच्या बाजूला एक ओळ लिहितो: १४४१६. दुकानातल्या कोणीही, हमालापासून मालकापर्यंत, वही उघडली की ती दिसते. आपणही लिहावी. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज रात्री तोच प्रश्न घेऊन फोनसमोर बसला असेल, तर त्याला मी हात जोडून सांगतो: तो प्रश्न फोनला विचारू नका, माणसाला विचारा. शेजारच्या खोलीत कोणी झोपले असेल तर उठवा. ते रागावणार नाहीत.

जय जिनेंद्र.